एफडी मोडून व्हॅलेन्सियाला?

प्रश्न : वय 27, गिरगावात राहतो, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. हातात 62,000 येतात. घरखर्च 38,000, एसआयपी 6,000. वडील निवृत्त, आईवडिलांचा आरोग्यविमा माझ्या कंपनीचाच. दहा वर्षं मंडळाचं काम करतोय, म्हणून स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा फायास उत्सव बघायची फार इच्छा आहे. पाठीवर सॅक, हॉस्टेलात मुक्काम, 15 दिवस, अंदाजे 2 लाख. येत्या मार्चसाठी 2,40,000 ची एफडी मोडू, की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ?

उत्तर : जायलाच हवं तुम्ही. गल्लोगल्ली मंडळं, वर्षभर वर्गणी, कारागिरांकडून घडवून घेतलेले उंचच उंच पुतळे आणि 19 मार्चच्या रात्री त्या सगळ्यांना आग! गिरगावच्या कार्यकर्त्याने हे बघायचं नाही तर कुणी? उत्सव 2016 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फक्त या मार्चला जाऊ नका, पुढच्या मार्चला जा.

एफडीपासून सुरुवात करू. 38,000 गुणिले सहा म्हणजे 2,28,000. तुमची एफडी म्हणजे घराचा जेमतेम सहा महिन्यांचा श्वास आहे. त्यात आईवडिलांचा विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर पगार आणि विमा एकाच दिवशी जातील. ही एफडी सहलीच्या हिशेबात धरूच नका.

आता कर्ज. 2 लाख, 24 महिने, 14 टक्के : हप्ता साधारण 9,600, व्याज तीस हजारांवर, प्रोसेसिंग फी वेगळी. पुतळ्यांची राख होऊन दीड वर्ष उलटलं तरी हप्ता चालूच. शिवाय व्हिसाला बँकेचं स्टेटमेंट लागतं. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम 2 लाख पडलेले दिसले की हे आले कुठून, असा प्रश्न येतोच. दरमहा साठत गेलेली शिल्लक त्यापेक्षा कधीही बरी दिसते.

खर्च वजा जाता तुमच्याकडे 18,000 उरतात, निदान कागदावर. (ते जातात कुठे हे तुम्ही लिहिलेलं नाही, अकाउंट्सवाल्याला मी विचारतही नाही.) त्यातले 14,000 फेब्रुवारीपासून बाजूला काढा, पण एकाच आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत) नको. 8,000 ची नऊ महिन्यांची आणि 6,000 ची बारा महिन्यांची, अशा दोन. पहिली नोव्हेंबरात सुटेल, तिच्यातून विमानाचं तिकीट. त्यानंतर मोकळे झालेले 8,000 बचत खात्यात. पुढच्या फेब्रुवारीअखेर 1,82,000 जमतील, व्याज वेगळं. दिवाळीचा बोनस मिळाला तर तो युरोसाठी राखा. युरो शंभराच्या वर आहे, तुम्ही जाईपर्यंत आणखी चढला तर धावपळ नको.

15 दिवस मला जास्त वाटतात. 12 ला पोचा, 21 ला निघा. गंमत अशी की तुम्हाला जे बघायचं आहे ते फुकट आहे. रोज दुपारी 2 वाजता नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता होते, म्हणजे नुसत्या आवाजाची आतषबाजी. तिला तिकीट नाही, आणि शेवटच्या रात्रीच्या आगीलाही नाही. तुरिया नदीचं जुनं पात्र, 1957 च्या पुरानंतर नदी शहराबाहेरून वळवली आणि तिथे बाग केली, तेही पायी हिंडायचं. समुद्रावर ट्राम जाते, विमानतळावरून मेट्रो. पैसा जातो तो विमानात आणि खाटेत, कारण त्या आठवड्यात हॉस्टेलवाले भाव चढवतात. म्हणून खाट आधीच धरा, पण रद्द करता येईल अशीच. दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा, ती त्यांची राईस प्लेटच. रात्री सुपरमार्केटमधला ब्रेड. पायेया, म्हणजे तिथला प्रसिद्ध भात, खाणार असाल तर अस्सल व्हॅलेन्सियन पायेयात कोंबडीबरोबर ससाही असतो, एवढं माहीत असू द्या.

स्पेनला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे 90 युरो नकार आला तरी परत मिळत नाहीत. प्रवासविमा किमान 30,000 युरो वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड, घ्या. साध्या क्रेडिट कार्डावर बऱ्याचदा परकीय चलनाच्या व्यवहारावर 2 ते 3.5 टक्के मार्कअप (जादा आकार) आणि त्यावर जीएसटी. दुकानातलं मशीन ‘रुपयात देता का?’ विचारेल, तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडलेत तर भाव त्यांचा लागतो.

एसआयपीला हात लावू नका. आणि एक अडचण पैशाने सुटणारी नाही : तुम्ही अकाउंट्सला, मार्च महिना, दहा दिवस रजा. साहेबांच्या कानावर आत्ताच घालून ठेवा.