'ऐतिहासिक चूक' म्हणावं की कालविपर्यास?

बडोद्याच्या एका शिक्षिकाबाई मुलांना अ‍ॅनिमेशनपट दाखवून त्यांतल्या इतिहासाच्या चुका आणि लपवलेल्या गमती हुडकायला लावतात. तक्त्यावर त्यांनी 'ऐतिहासिक चुका' असं लिहिलं, तेव्हा एका आजोबांनी हरकत घेतली. बाई विचारतात, मग काय लिहावं? आणि 'ईस्टर एग'ला, म्हणजे चित्रपटात लपवलेल्या अशा गमतीला, मराठीत काय म्हणावं?

आजोबांची हरकत रास्त आहे. 'ऐतिहासिक निर्णय', 'ऐतिहासिक विजय' यांच्या रांगेत 'ऐतिहासिक चूक' बसली की तिचा अर्थ इतिहासाला कलाटणी देणारी चूक असा होतो. तुम्हाला अभिप्रेत आहेत त्या इतिहासाबद्दलच्या चुका, म्हणून 'इतिहासाच्या चुका' लिहा. 'इतिहासातल्या भुला' मात्र नको. गुजरातीच्या शेजारामुळे आपल्याकडे 'भूल झाली' सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण मराठीत भूल पडते किंवा डॉक्टर देतात. चूक या अर्थाने ती मुख्यतः 'चूकभूल द्यावी घ्यावी'त टिकून आहे.

'कालविपर्यास' हा शब्द याहून नेमका आहे. एका काळातली गोष्ट दुसऱ्या काळात दिसली, तरच तो वापरावा. 'अ‍ॅनस्टेशिया' (१९९७) मध्ये रशियाच्या रोमानोव्ह घराण्याच्या राजवटीला तीनशे वर्षं झाल्याचा सोहळा १९१६ साली दाखवलाय. प्रत्यक्षात ती तीनशे वर्षं १९१३ मध्येच भरली होती. शिवाय १९०१ मध्ये जन्मलेली राजकन्या १९१६ मध्ये पंधरा वर्षांची असणार, पडद्यावर मात्र ती लहान मुलगी आहे. हा कालविपर्यास. 'पोकाहॉन्टस'मध्ये (१९९५) व्हर्जिनियाच्या सपाट किनारी भागात उंच कडे आणि धबधबे आहेत, ती मात्र भूगोलाची चूक.

'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' या वाक्यामुळे विपर्यास म्हटलं की खोडसाळपणा डोळ्यांसमोर येतो. संस्कृतात त्याचा अर्थ उलटापालट एवढाच आहे. त्यामुळे कालविपर्यास अजाणता होतो तसा जाणूनबुजूनही करता येतो. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून करवून घेतलेली पौराणिक चित्रं मुलांना जरूर दाखवा. पुराणातल्या नायिका एकोणिसाव्या शतकातल्या साड्यांत आहेत. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या साड्यांमुळेच तर त्या नायिका घराघरांतल्या वाटू लागल्या.

'ईस्टर एग'ला मी 'छुपी खूण' म्हणेन. 'अलादीन'मध्ये (१९९२) सुलतानाच्या खेळण्यांच्या मनोऱ्यात आदल्या वर्षीच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधला बीस्ट आहे, ती छुपी खूण. 'गंमत' फार सैल पडतो, आणि 'कूट' म्हटलं की उत्तर असलेलं कोडं वाटतं.

कधीकधी दोन्ही एकत्र येतात. 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मध्ये (१९९६) १४८२ सालच्या पॅरिसच्या रस्त्यावरून 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची नायिका बेल पुस्तक वाचत जाते. तिची मूळ गोष्ट छापली गेली तीच मुळी १७४० मध्ये. तिचं नाव तक्त्याच्या दोन्ही रकान्यांत लिहायला हरकत नाही.