स्पार्क प्लग बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावावं का?

तुमची बाईक १०० सीसीची, उभी असते रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत, जुना प्लग काढताना बराच जोर लागला आणि आता गॅरेजवाला म्हणतोय की नव्या प्लगला कॉपर ग्रीस, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं तांब्याच्या पुडीचं अँटी-सीझ, चोपडा. माझं उत्तर: नका चोपडू.

आधी नवा प्लग उजेडात धरून त्याचे आटे बघा. चांदीसारखे चकचकीत असतील तर त्यांच्यावर मुलामा आहे, आणि तो गंज धरू नये, हेडमध्ये (प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागात) जाम होऊ नये म्हणूनच दिलेला असतो. असल्या प्लगना अँटी-सीझ लावू नका, असं प्लग बनवणारी एनजीके कंपनी स्वतःच सांगते. आटे काळपट, बिनमुलाम्याचे असतील तर गोष्ट वेगळी, पण बाईकसाठी आज दुकानात मिळणारा प्लग बहुधा चकचकीतच असतो.

ग्रीसने नुकसान कसं होतं? पान्यावर जेवढा जोर लावता त्यातला बहुतेक जोर घर्षणात खर्च होतो, प्लग खाली ओढून धरायला थोडाच उरतो. आट्यांना ग्रीस लागलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात प्लग कितीतरी जास्त ओढला जातो. टॉर्क पान्यावर (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यावर) आकडा बरोबर दिसतो, प्रत्यक्षात प्लग अति आवळलेला असतो. मग दोनपैकी एक होतं. एक तर प्लगची लोखंडी मान ताणली जाते, आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरची पकड ढिली होते, तिथून कॉम्प्रेशन गळतं आणि प्लग वाजवीपेक्षा जास्त तापतो. नाहीतर हेडचे ॲल्युमिनियमचे आटेच जातात. हे दुसरं महागात पडतं, कारण मग हेलीकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा बुश (नव्या आट्यांची नळी) बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा धोका पेस्टच्या फाजील थराचा. त्यात तांब्याची किंवा ग्राफाइटची पूड असते. प्लग आत जाताना जादा पेस्ट टोकाकडे सरकते. ती इलेक्ट्रोडवर किंवा आतल्या पांढऱ्या नाकावर लागली की ठिणगी भलत्या वाटेने जाते आणि गाडी मिस मारते.

तुमचा जुना प्लग अडकला त्याला खारी हवा थोडीफार जबाबदार असेलही, लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की गंज धरतोच. पण आणखी दोन कारणं तपासा. आधीच्याने तो जीव खाऊन आवळला होता का? आणि प्लगची लांबी बरोबर होती का? एनजीकेच्या नंबरात पहिलं अक्षर सी असेल तर १० मिमी आटे आणि १६ मिमीचा पाना. आकड्यानंतरचं एच म्हणजे १२.७ मिमी लांबी, ई म्हणजे १९ मिमी. एचच्या जागी ई बसवला तर खालचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांवर कार्बन चढतो, आणि काढताना तोच कार्बन हेडचे आटे खरवडत बाहेर येतो. (पिस्टन येऊन आपटला तर तो वेगळाच खर्च.)

आता बसवायची रीत. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग सैल करण्याआधी भोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. जुना प्लग अडला तर एकदम फिरवू नका. पाव फेरा सैल, पुन्हा थोडा आत, परत सैल, मधे गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब आणि अर्धा तास थांबा. निघाल्यावर हेडमधले आटे खराब वाटले तर आटे साफ करायचा चेसर ग्रीस लावून हलक्या हाताने फिरवा, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून वर येतो. नवे आटे पाडायचा टॅप इथे घालू नका, तो धातू कापतो.

नव्या प्लगच्या वरच्या टोकावर पेट्रोलच्या रबरी पाईपचा वीतभर तुकडा चढवा आणि त्यानेच प्लग फिरवून बसवा. आटा तिरका धरला गेला तर पाईप टोकावर घसरतो, हेडला इजा होत नाही. हाताने वॉशर टेकेपर्यंत सहज गेला पाहिजे. मग १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकल्यानंतर अर्धा फेरा. हा वॉशर पोकळ असतो, त्यामुळे सुरुवातीला चिरडताना हाताला मऊ लागतं आणि मग एकदम घट्ट होतं. अर्धा फेरा होऊनही मऊच लागत राहिलं तर थांबा, आटे चाललेत. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चिरडलेला असतो, टेकल्यावर एकबारांश फेरा पुरे.

तरीही कॉपर ग्रीस लावायचंच असेल, किंवा प्लग बिनमुलाम्याचा असेल, तर टोकाकडचे पहिले दोन आटे कोरडे सोडा, वर पुसट बोट फिरवा आणि टॉर्क ३० टक्क्यांनी उतरवा, म्हणजे १० मिमीला साधारण ७ ते ८ न्यूटन मीटर. वॉशरच्या बसण्याच्या जागी काही लागू देऊ नका.

  

खाऱ्या हवेचा खरा त्रास तुम्हाला प्लगच्या टोपीत होईल. तिथे रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. ओलावा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी न फाटता निघते.