जुनी बीएमडब्ल्यू एक्स१: २०१४ ची घ्यावी की २०१७ ची?

दोन्ही डिझेल आहेत आणि बजेटमध्ये बसतात असं तुम्ही म्हणता, तर २०१७ चीच घ्या. नाव एकच असलं तरी या दोन पूर्ण वेगळ्या गाड्या आहेत. २०१४ ची पहिल्या पिढीतली, मागच्या चाकांवर चालणारी. चालवायला फार मजेदार, पण मागे बसणाऱ्यांचे गुडघे अवघडतात. भारतात २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत इंजिन आडवं बसवलं, त्यामुळे केबिन मोकळी झाली आणि डिकी ४२० वरून ५०५ लिटरवर गेली. घरच्यांना घेऊन फिरणार असाल तर हाच फरक रोज जाणवेल.

तरीही २०१४ चीच आवडली, तर सकाळी थंड इंजिन सुरू करून खडखड येते का ते नक्की ऐका. ती खडखड टायमिंग चेन (इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) सैल झाल्याची खूण असू शकते. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे बदलायचा खर्च मोठा येतो.