एक ना धड, भाराभर चिंध्या?

"मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या होतील पोरीच्या शिक्षणाच्या," हर्णैहून आलेले बाबा खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले. बारावीचा निकाल लागला होता. १ जूनची मासेमारी बंदी तोंडावर आलेली, तरी होडी वर ओढायची गडबड सोडून ते मुलीला घेऊन सल्ल्यासाठी दापोलीला माझ्याकडे आले होते. मुलीला (नाव बदलून सायली म्हणते) आंतरविद्याशाखीय, म्हणजे दोन-तीन विषय एकत्र शिकायची, पदवी घ्यायची होती. थोडं हे, थोडं ते शिकलेल्याला पुढे विचारतं कोण, ही काळजी माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते.

"कॉलेजचं नंतर बघू. तुला नेमकं काय समजून घ्यायचंय?" मी सायलीला विचारलं. तिनं पिशवीतून एक वही काढली. बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावाचे दोन वर्षांचे भाव त्यात होते. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. ओल लागून शाई फुटलेली. एका पानाच्या कडेला लिहिलं होतं, "आज माल कमी, तरी भाव पडला. का?"

या "का"चं उत्तर एका विषयात मिळत नाही. त्यात समुद्र आहे, बर्फ आहे, व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल आहे, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांचे नियमही आहेत. सायलीची ओढ खरी होती. पण बाबांची भीतीही खोटी नव्हती, आणि ते मी तिच्यासमोरच सांगितलं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक, लागतात. एका विषयात मेजर केलं, म्हणजे तो मुख्य विषय घेतला, की साधारण निम्मे क्रेडिट त्याच विषयाचे होतात. आंतरविद्याशाखीय पदवीत मात्र हे मुख्य क्रेडिट दोन-तीन विषयांत वाटले जातात. मग एमए-एमएस्सीच्या प्रवेशाला "या विषयात तुमचं पुरेसं शिक्षण झालेलं नाही" असं ऐकावं लागू शकतं. म्हणून सायलीला म्हटलं, पुढे जे करावंसं वाटतं त्याची प्रवेशाची अट आधी वाच, आणि एक विषय कणा म्हणून घट्ट धर. "आणि सरकारी परीक्षा?" बाबांनी विचारलं. एमपीएससीच्या राज्यसेवेतल्या बहुतेक पदांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठल्याही शाखेची पदवी चालते, हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा मागे रेलून बसले.

तिच्या यादीत तीन कॉलेजं होती. माहितीपत्रकं गुळगुळीत, विषयांची नुसती रेलचेल. मी तिला एवढंच करायला लावलं: प्रत्येक ठिकाणी फोन करून या वर्षीचं वेळापत्रक मागायचं आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायचं. आठवड्यानं आली ती चिडूनच. एका कॉलेजच्या पत्रकात डझनभर मायनर (जोडविषय) होते, वर्ग मात्र दोनांचेच भरत होते. ज्याची फी सगळ्यांत जास्त, तेच हे. पोरांची वर्षं अशी कागदावरच्या विषयांवर जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं. माहितीपत्रक छापायला काय लागतं? शिकवणारा माणूस वर्गात हवा.

शेवटी तिनं पुण्यातलं एक साधं कॉलेज निवडलं. तिथे भूगोलाचे क्रेडिट भरपूर, जोडीला अर्थशास्त्र, आणि तिसऱ्या वर्षाला प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचा प्रकल्प.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. आता संध्याकाळी लिलाव आटोपला की बाबा तिला फोन करतात, भाव सांगतात, आणि ती पुण्यात बसून वहीत उतरवते.