कुंडी इंचात नाही, लिटरात मोजा

प्रश्न : गावी आमची शेती आहे, पण नोकरीमुळे ठाण्यात राहतो. गॅलरी ८ बाय ३ फूट, सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत ऊन असते. टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता लावायचा आहे. गेल्या वर्षी १२ इंची कुंड्यांत टोमॅटो लावले. झाडे जोमात आली, पण दुपारी माना टाकत होती आणि फळांचा खालचा भाग काळा पडून बसत होता. औषध कोणते मारू? कुंड्या किती मोठ्या घेऊ? तळाशी खडी घालू का?

उत्तर : औषध मारू नका. तुम्ही वर्णन केलेला काळा डाग बुरशीचा वाटत नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही तेव्हा असे होते, आणि कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढते. पाण्यात खंड पडला की सगळ्यात आधी फळाचे टोक उपाशी राहते. म्हणजे दुपारी मान टाकणे आणि फळ काळे पडणे ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, आणि त्याचे मूळ बहुधा कुंडीतच आहे.

आता ती कुंडी बघू. बाजारात १२ इंची म्हणतात ते फक्त वरच्या तोंडाचे माप. तोंड १२ इंच, बूड ८ इंच आणि उंची १० इंच असेल, तर तिच्यात साधारण तेरा लिटर माती मावते. तेच १२ बाय १२ ची सरळ उभी ग्रोबॅग (झाडे लावायची पिशवी) घेतली तर बावीस लिटर. नाव एकच, फरक जवळजवळ नऊ लिटरचा. म्हणून दुकानात इंच विचारत बसू नका. घरी असलेल्या कुंडीची छिद्रे चिकटपट्टीने बंद करा, लिटरच्या बाटलीने पाणी ओतून मोजा आणि आकडा खडूने कुंडीवर लिहून ठेवा.

तेरा लिटर मातीत झाडाला ओढता येईल असे पाणी जेमतेम तीन लिटर राहते. भर उन्हाळ्यात फळांनी लगडलेले टोमॅटोचे झाड दिवसाला दीड-दोन लिटर सहज पिते. सकाळी घाईत अर्धा तांब्या घालून कामाला गेलात तर दुपारी ते मान टाकणारच. टोमॅटोला एका झाडाला किमान २० लिटर द्या. रंगाची २० लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, बुडाला पाच-सहा बोटभर छिद्रे पाडून छान चालते. रसायनांचे पिंप मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी भाजीला वापरू नका. मिरचीला १० ते १२ लिटर पुरतात, म्हणजे तुमच्या जुन्या कुंड्या वाया जाणार नाहीत, त्या मिरचीला द्या. कोथिंबिरीला रुंदी हवी, खोली नको : सहा इंच खोल ट्रे पुरे. धने रगडून दोन फाका करा आणि जागेवरच पेरा, तिला उपटून लावलेले सोसत नाही.

मग सगळेच मोठ्या कुंडीत का लावू नये? कारण बोटभर रोप २० लिटरमध्ये लावले की त्याची मुळे असतात मूठभर मातीत आणि बाकीची माती ओलीच्या ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही, रोप पिवळे पडते आणि कुजते. ठाण्याच्या पावसाळ्यात तर हमखास. रोप आधी कागदी पेल्यात, मग लिटरभराच्या दुधाच्या पिशवीत वाढवा. पिशवीच्या छिद्रांतून पांढरी मुळे डोकावू लागली की मोठ्या घरी हलवा. टोमॅटो हलवताना खालची पाने काढून देठ थोडा खोल गाडा, गाडलेल्या भागालाही मुळे फुटतात.

खडीचा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि समज उलटा आहे. अंघोळीचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळेल. कुंडीतही तसेच : बुडाशी ओल्याचिंब मातीचा एक थर राहतोच, आणि कुंडी उथळ असेल तर तो मुळांच्या जवळ येतो. खाली खडी भरली की तो थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो. तुम्ही पैसे देऊन उंच कुंडी आणता आणि आतून उथळ करता. छिद्रावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी ठेवा, बस.

अजून एक, आणि हे मला मनापासून सांगायचे आहे. गावाकडून येताना शेतातली काळी माती गोणीत भरून आणाविशी वाटते, मला समजते. पण कुंडीत ती सुकली की आकसते आणि कडेने बोटभर फट पडते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत येते. आपल्याला वाटते, पाणी भरपूर झाले, आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत. तीच एक-दोन ओंजळी मिश्रणात टाका. बाकी पोयटा माती, गांडूळखत आणि धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सम प्रमाणात, वर प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड.

वजनाचे भान ठेवा. २० लिटर निव्वळ माती ओली झाली की तीस किलोच्या वर जाते, वरचे मिश्रण वीस-पंचवीस किलो. तुमच्या गॅलरीत टोमॅटोच्या दोन बादल्या, मिरचीच्या तीन कुंड्या, कोथिंबिरीचे दोन ट्रे आणि कढीपत्ता, एवढेच ठेवा. मोठ्या कुंड्या भिंतीकडेला, कठड्यावर किंवा बाहेरच्या बाजूला एकही नको. इमारत जुनी असेल तर आधी सोसायटीच्या अभियंत्याला दाखवा.

कढीपत्त्याला घाई नाही. पहिले वर्ष १० लिटर, मुळे कडेने गोल फिरू लागली की २०, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी ४०. दर वेळी गोळ्याच्या कडेची गुंडाळलेली मुळे कात्रीने हलकेच कापा आणि मगच नव्या मातीत बसवा.