चर्चमध्ये ऑर्गन वाजवून घर चालेल का?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे आणि तीन वर्षांपासून गावच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. पॅरिसच्या ऑर्गनवादकांचे व्हिडिओ पाहून आता त्याला तेच करायचंय. समोर कागद नसताना ते तिथल्या तिथे संगीत रचतात, याचं त्याला वेड लागलंय. कॉलेज सोडायच्या गोष्टी करतो. एका जुन्या मिशन बंगल्यातली पायपेटी पन्नास हजारांना मिळतेय, ती कर्ज काढून घ्या म्हणतो. यांचं म्हणणं, यात काही भविष्य नाही. काय करावं? – एक आई

ताई, नमस्कार.

आधी पैशाचं बोलू. फक्त उपासनेत ऑर्गन वाजवून घर चालेल अशी पगारी जागा आपल्याकडे जवळजवळ नाहीच. खेड्यात मिळालं तर मानधन मिळतं, तेही नाताळ, ईस्टर आणि लग्नांपुरतं. मुंबईतही बहुतेक वादक आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि रविवारी ऑर्गनला बसतात. तेव्हा मुलाच्या वडिलांची काळजी रास्त आहे. मात्र हेच कौशल्य शाळेतली संगीत शिक्षकाची नोकरी, कीबोर्डच्या शिकवण्या, गायकवृंद बसवणं आणि रेकॉर्डिंगसाठी वाद्यसंयोजन यांना जोडलं, तर माणूस नीट जगतो. त्यासाठी बारावी आणि पुढे पदवी लागतेच. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत संगीत विषय घेऊन पदवी करता येते. कॉलेज सोडणं हा विषय इथेच मिटवा.

पायपेटी तूर्त घेऊ नका. तिच्या खालच्या दोन पट्ट्या भात्यात हवा खेळवायला असतात. पाइप ऑर्गनवर पायांनी खर्जाचे सूर वाजवायचे असतात, त्यासाठी ३० किंवा ३२ पट्ट्यांचा वेगळा पायफलक असतो. पायपेटीवर ते शिकताच येत नाही. तरी कधी कमी पैशांत मिळाली, तर अशी तपासा : पाय मारून भाता भरा, थांबा आणि दोन-तीन पट्ट्या दाबून धरा. सूर लगेच मावळला तर भात्याचं कापड किंवा चामडं गेलेलं आहे. मग एकेक पट्टी वाजवा. मुका सूर बहुधा रीडमध्ये धूळ अडकल्यामुळे असतो, तो साफ होतो. पट्टी सोडल्यावरही सूर चालूच राहिला, तर खालची झडप नीट बसत नाही. मागची फळी काढून वाळवी आणि उंदीर बघा. नमदा कुरतडलेला असेल तर दुरुस्तीच खरेदीहून महाग पडेल.

सध्याचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरे आहे. फक्त त्याचा टच रिस्पॉन्स बंद करायला सांगा आणि सस्टेन पेडल काढून ठेवा. ऑर्गनवर पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही आणि बोट उचललं की सूर तुटतो. त्यामुळे सुरांची सलगता सगळी बोटांनीच राखावी लागते : तिसऱ्या बोटाने दाबलेली पट्टी न सोडता तिथेच अंगठा आणायचा आणि हात पुढे न्यायचा. सस्टेनची सवय असलेल्या मुलाला हे पहिले दोन महिने फार जाचतं. घरात लॅपटॉप असेल तर ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर मिडी केबलने कीबोर्डला जोडता येतं. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) घालावा लागतो. पायफलक नाही तोवर चार आवाजांत बसवलेल्या गीताचे वरचे दोन आवाज उजव्या हाताने, डाव्याने फक्त तिसरा वाजवायचा आणि खर्ज तोंडाने गायचा. डावा हात सारखा खर्जाकडे पळेल, ती खोड आत्ताच मोडलेली बरी.

आता त्याच्या वेडाबद्दल. पॅरिसचे संगीतकार सेझार फ्रांक तिथल्या सेंत-क्लोतिल्ड चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, ऑलिव्हिए मेसियाँ ला त्रिनिते चर्चमध्ये १९३१ पासून १९९२ पर्यंत. ऐनवेळी रचणं हा त्यांच्या उपासनेतल्या कामाचाच भाग होता. मिरवणूक वेदीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, अर्पणाची थैली शेवटच्या बाकापर्यंत कधी जाईल, हे आधी ठाऊक नसतं. छापील तुकडा तेवढ्यात संपतो किंवा मध्येच तोडावा लागतो. म्हणून या कलेत सुरुवात करता येण्यापेक्षा हवं तेव्हा थांबता येणं महत्त्वाचं. व्हिडिओत बोटं दिसतात, हे दिसत नाही.

याचा सराव तुम्हीच घेऊ शकता. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या एखाद्या गीताची पहिली ओळ त्याने घ्यायची. चार मात्रांची चार आवर्तनं उजव्या हातात, मग तीच ओळ डाव्या हातात आणि वर साधे स्वरमेळ (कॉर्ड), मग पंचम धरून ठेवून तिचे तुकडे. तुम्ही स्वयंपाकघरातून कधीही “बास” म्हणायचं. त्याने दोन आवर्तनांत पंचमाच्या मेळावरून षड्जाच्या मेळावर येऊन थांबायचं. आवाज बारीक करत विझवणं चालणार नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. मूळ ओळ ओळखू येत नसेल तर तो नुसता बोटं फिरवत होता. रोज पंधरा मिनिटं हे आणि अर्धा तास गीतांची साथ, या वयाला एवढं पुष्कळ.

साथीत एक चूक सर्रास होते. मंडळी रेंगाळायला लागली की वादक आवाज वाढवतो. ऑर्गनवर त्याने फरक पडत नाही. सूर किंचित तोडून वाजवले की ताल स्पष्ट होतो आणि लोक आपसूक सोबत येतात. दोन कडव्यांमधली विश्रांती दर वेळी तितक्याच मात्रांची हवी. एकदा दोन आणि एकदा तीन मात्रा सोडल्या की अर्धी मंडळी आधी उचलते, अर्धी नंतर.

आणि आपल्या गीतांचा प्रश्न वेगळाच आहे. नारायण वामन टिळकांच्या अभंगांच्या चाली इंग्रजी गीतांसारख्या तीन स्वरमेळांत बसवल्या की त्यांचा जीव जातो. भैरवीचंच घ्या. सवयीने पंचमावर मोठा मेळ धरला की त्यात शुद्ध निषाद येतो आणि गाणाऱ्यांच्या कोमल निषादाला भिडतो. रागातल्याच स्वरांचा मेळ पंचमावर केला, तर प-नी-रे असा आखडलेला निघतो, त्यावर समाप्ती होत नाही. म्हणून कोमल नी, कोमल रे, म या मेळावरून सा-प या उघड्या जोडीवर यावं. बाकी वेळ खर्जात नुसता सा धरून ठेवला तरी शोभतं. ही जाण असलेला वादक दुर्मीळ आहे, आणि तुमच्या मुलाला ती गावातच मिळते आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा म्हणूनच त्याने द्याव्यात. शिवाय ट्रान्सपोज बटण न वापरता प्रत्येक गीत पांढरी चार, पांढरी पाच आणि काळी दोन या तिन्ही पट्ट्यांत वाजवावं.

पाश्चात्त्य बाजूला एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची पाचवी ग्रेड थिअरी घरून ऑनलाइन देता येते. तिथे सहावी ते आठवी प्रॅक्टिकल ग्रेड द्यायला ती किंवा तिच्या तोडीची परीक्षा आधी पास व्हावी लागते. थिअरीचं पुस्तक वाचून जमतं, पण बोटांना शिक्षक लागतो. महिन्यातून दोनदा नागपूरला पियानोच्या शिकवणीला पाठवता आलं तर पाठवा. पाळकसाहेबांशी बोलून रविवारची गीतं गुरुवारीच मागून घ्यायला सांगा. पुढे तो कॅथलिक चर्चमध्ये वाजवणार असेल, तर ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा नियम माहीत हवा : त्या काळात ऑर्गन फक्त गायनाला आधार म्हणून वाजतो. चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे अपवाद. तिथे हौसेने केलेली कलाकारी अंगाशी येते.

पूर्णवेळ पगारी काम युरोपात, विशेषतः जर्मनीत आहे. तिथे चर्चसंगीतात सी, बी आणि ए अशा पायऱ्या असतात. सी जोडकामासाठी, बी पदवीच्या आणि ए पदव्युत्तर पातळीची. प्रवेशपरीक्षेत ऑर्गन, पियानो, गायन, स्वरज्ञान सगळं बघतात. नोकरीला बहुतेक ठिकाणी चर्चचं सभासदत्व लागतं. बहुतेक सरकारी संस्थांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतात. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याची रक्कम खात्यात दाखवावी लागते, आणि शेतीच्या घरात खरी अडचण तिथेच येते. हा निर्णय आज घ्यायचा नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत त्याचा पियानो आठव्या ग्रेडच्या आसपास आला आणि खऱ्या पायफलकावर त्याचे पाय चालू लागले, तर जर्मन भाषेचा वर्ग लावा.