माळ घालणं म्हणजे काय?

प्रिय चिऊ,

वर्गातल्या मैत्रिणीचं चर्चमध्ये कन्फर्मेशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालं, तेव्हा तू विचारलंस, "दादाची मुंज झाली, मग आपल्यात मुलींसाठी काहीच नाही का?" आहे. आजोबांच्या गळ्यात तू रोज बघतेस ती तुळशीची माळ.

मुंजीत मुलाला जानवं आणि गायत्री मंत्र मिळतो. पण मुंज ठरवतात आईवडील, आणि परंपरेने ती काही जातींतल्या मुलग्यांपुरतीच राहिली. वारकऱ्यांची माळ स्वतः मागून घ्यावी लागते. बाई, पुरुष, कुठल्याही जातीचं माणूस, कुणीही मागावी. संत बहिणाबाईंनी ब्राह्मण घरातल्या असून कुणबी तुकोबांना गुरू मानलं. अर्थात सगळं तेवढं सरळ नव्हतं. महार जातीतले चोखोबा वारकऱ्यांचे संत, तरी दलितांना पंढरपूरच्या मंदिराचं दार उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. हेही तुला माहीत हवं.

विधी अगदी साधा. अंघोळ करून जायचं. माळ ज्ञानेश्वरीवर किंवा विठ्ठलाच्या पायांशी ठेवतात. फडावरचे (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाचे) महाराज किंवा एखादे जुने माळकरी नियम सांगतात, "पाळशील ना?" असं विचारतात आणि आपण हो म्हटलं की माळ गळ्यात घालतात. होम नाही, कानात सांगायचं गुपित नाही. मंत्र सगळ्यांना पाठ असलेलाच: रामकृष्णहरी. तुकोबांना तो त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी.

खरं वजन त्या "हो"चं. मांस-मच्छी आणि दारू कायमची सोडायची. खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही. रोज हरिपाठ म्हणायचा. चालीवर सावकाश म्हटला तर साधारण अर्धा तास लागतो. महिन्यातून दोन एकादश्या धरायच्या आणि बारशीला सकाळी सोडायच्या. वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी करायची.

इथे परदेशात माणसं चुकतात ती बारीकसारीक गोष्टींत. मांस सोडलं म्हणतात आणि जेलीच्या गोळ्या खातात. त्यांत बहुतेक वेळा जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं. पाकिटावरची यादी वाचायची सवय लागायला हवी. एकादशी भारतातल्या कॅलेंडरवरून धरली तर कधीकधी एक दिवस चुकतो, कारण तिथी आपल्या गावच्या सूर्योदयावर ठरते. इथलं पंचांग बघायचं. वारी तर सगळ्यात अवघड. आषाढी जून-जुलैत येते आणि तेव्हा शाळेला सुट्टी असेलच असं नाही. पण कार्तिकी, माघी, चैत्री याही वाऱ्याच आहेत.

माळेत सहसा १०८ मणी असतात. पंढरपुरात काशीकापडी समाजाची माणसं तुळशीच्या काड्यांपासून मणी करत आली आहेत. अगदी एकसारखे, चकचकीत, रंगवलेले मणी दिसले तर ते दुसऱ्या लाकडाचे असण्याचा संभव जास्त. खरे मणी फिकट आणि थोडे ओबडधोबड असतात. घामाने हळूहळू काळपट होतात.

माळ काढायची नाही, झोपताना नाही की पोहतानाही नाही. मणी सहसा टिकतात, तुटतो तो दोरा. साबण आणि तलावातलं क्लोरीन गाठीपाशी साचतं आणि तिथेच तो कुजतो. म्हणून अंघोळीनंतर साध्या पाण्याने धुवायची आणि दोरा विरलेला दिसला की लगेच नवा घालायचा. तुटलीच तर मणी गोळा करून पुन्हा ओवेपर्यंत बरेच माळकरी जेवत नाहीत. त्यापेक्षा दुसरी माळ तयार ठेवलेली बरी. शाळेत खेळाच्या तासाला दागिने काढायला लावतात. ते सुरक्षेसाठी असतं, त्यावरून वाद घालू नये. घरून चिठ्ठी न्यायची आणि माळेवर पट्टी चिकटवायची परवानगी आधीच मागायची.

तू लगेच माळ घ्यावीस असं मला वाटत नाही. घालून काढून ठेवण्यापेक्षा न घातलेली बरी, असं मी मानते. पण हरिपाठाला माळ लागत नाही, एकादशीलाही नाही. आधी वर्षभर तेवढं करून बघ. जड जातंय का, कुठे जड जातंय, ते तुझं तुलाच कळेल. हरिपाठाची चाल आजोबांकडून शीक. रविवारी सकाळी आपला फोन जातो तेव्हा पुण्यात दुपार असते आणि ते मोकळे असतात.

तुझी,
आई